खाज आहे म्हणजे किडा आहेच, असं नाही

पत्र :

डॉक्टर, आम्ही कसबा बावड्यात राहतो. थोरला मुलगा सतरा वर्षांचा, शहरातल्या एका तालमीत राहून कुस्ती करतो. जूनमध्ये आठ दिवस घरी आला आणि जाताना खाज ठेवून गेला. आधी धाकटीला सुरू झाली, मग मला. रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. मेडिकलमधून एक ट्यूब आणली, चार दिवस बरं वाटलं, मग दुप्पट झालं. शेवटी डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी खरूज सांगितली, रात्रभर लावायचं मलम दिलं. मी आणि धाकटीनं लावलं, त्याला दहा दिवस झाले, खाज आहेच. मालक म्हणतात, मला काही होत नाही, मी कशाला लावू. सासूबाईंच्या अंगावरून दोन वर्षांमागं वारं गेलंय, अंथरुणावरच असतात, दम्यासाठी गोळ्या चालू आहेत. त्यांच्या हातांवर पांढऱ्या जाड खपल्या धरल्यात, पण त्या खाजवत नाहीत, म्हणून त्यांना काही लावलं नाही. सासरे म्हणतात म्हशीचं लागलं. शेजारच्या काकू म्हणतात तालमीची माती बाधली. गौरी-गणपतीला नणंद लेकरं घेऊन येणार आहे, तिला काय सांगू? घरात स्वच्छता मी किती ठेवते ते माझं मला माहीत.
– कसबा बावड्यातली एक वाचक

उत्तर :

ताई, तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य आधी घेतो, कारण ते लिहिताना तुमचा हात थोडा थांबला असणार. खरजेचा आणि अस्वच्छतेचा संबंध लोक समजतात तेवढा नाही. हा किडा अंगावरच्या मळात राहत नाही, कातडीच्या सगळ्यात वरच्या थरात बोगदा करून राहतो. दिवसातून दोनदा अंघोळ केली तरी पाणी त्या बोगद्यात शिरत नाही. ज्या घरात माणसं एकमेकांना बिलगून झोपतात, लेकराला कुशीत घेतात, म्हाताऱ्या माणसाला उचलून कूस बदलून देतात, तिथं खरूज पसरते. म्हणजे माया असलेल्या घरात. तेव्हा काकूंनी नाक मुरडलं तर मुरडू दे.

आता तुम्हाला खरं काय सांगायचंय ते सांगतो, कारण तुमचे सगळे प्रश्न त्याच एका गोष्टीपाशी येऊन अडलेत. खाज किडा करत नाही. खाज तुमचं शरीर करतं. किडा येतो एका दिवशी, खाज सुरू होते वेगळ्या दिवशी. किडा मरतो एका रात्रीत, खाज जाते तिच्या सवडीनं. मालकांना खाज नाही, सासूबाईंना खाज नाही, तुम्हाला औषध लावूनही खाज आहे, या तिन्ही गोष्टींचं उत्तर इथंच आहे.

किड्याची ओळख करून देतो. मादी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. आठ पायांची, म्हणजे नात्यानं गोचिडीची चुलत बहीण. ती कातडी कुरतडत रोज थोडी पुढं सरकते आणि दिवसाला दोन-तीन अंडी घालते. तीन-चार दिवसांत अंडी फुटतात, दोनेक आठवड्यांत पिल्लं वयात येतात. धाकटीला उजेडात बसवा आणि बोटांच्या बेचक्यात, मनगटाच्या आतल्या बाजूला नीट बघा. अर्धा-एक सेंटिमीटरची, वेडीवाकडी, राखी रंगाची बारीक रेघ दिसते का? पेन्सिलीनं कुणी अर्धवट ओढून सोडून दिल्यासारखी. तोच बोगदा. शाईचं पेन त्यावर फिरवून ओल्या बोळ्यानं पुसलं की वरची शाई जाते, बोगद्यात शिरलेली राहते आणि रेघ निळी उमटते. रेघेच्या एका टोकाला काळसर ठिपका असतो. मी शिकत होतो तेव्हा आमच्या सरांनी माझ्या हातात सुई दिली आणि म्हणाले, तो ठिपका उचल. पहिल्या तीन वेळा नुसतीच कातडी आली. चौथ्या वेळी सुईच्या टोकाला मीठाच्या चूर्णाएवढं काहीतरी चिकटलं, आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतो तर ते पाय हलवत होतं. 1834 साली पॅरिसमध्ये रेनुची नावाच्या एका विद्यार्थ्यानं मोठमोठ्या डॉक्टरांसमोर हेच करून दाखवलं आणि खरजेचा किडा आहे की नाही हा वाद मिटवला. ती कला तो आपल्या कोर्सिका बेटावरच्या बायकांकडून शिकला होता. त्या बायका लेकरांच्या हातातले किडे सुईनं काढत बसायच्या.

असे किडे अंगावर किती असतात? तुमचं अंग भरलंय म्हणून हजारो असतील असं वाटेल. साध्या खरजेत मोठ्या माणसाच्या अंगावर एकूण दहा-पंधराच असतात. इंग्लंडमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या काळात केनेथ मेलॅनबी या शास्त्रज्ञानं शेकडो सैनिकांच्या अंगावरचे किडे मोजले, तेव्हा सरासरी अकरा-बाराच्या आसपास आली. मग अकरा किड्यांनी पोट, काखा, कंबर, मांड्या एवढं सगळं कसं पेटतं? कारण पुरळ आहे तिथं किडा असतोच असं नाही. किड्याची लाळ, विष्ठा, अंड्यांची टरफलं यांची शरीराला ओळख पटते, रक्तातल्या टी पेशी, म्हणजे शरीराच्या पहारेकरी पेशी, चवताळतात, इओसिनोफिल नावाच्या पेशी धावून येतात, आणि ती आग किडा नसलेल्या जागीही लागते.

ही ओळख पटायला वेळ लागतो. आयुष्यात पहिल्यांदा खरूज होते तेव्हा साधारण चार ते सहा आठवडे. तोवर किडा चोरपावलानं राहतो, उलट काही द्रव्यं सोडून शरीराच्या बचावातले काही दुवेच बंद पाडतो. हे मी माझ्या अंगावर बघितलंय. शिकाऊ डॉक्टर असताना वॉर्डातल्या एका रडणाऱ्या पोराला दोन-तीन रात्री कडेवर घेऊन फिरलो होतो. महिनाभर काही नाही, आणि पाचव्या आठवड्यात रात्री अकराच्या ठोक्याला मनगट खाजायला लागलं. दोन वर्षांनी पुन्हा तोच प्रसाद मिळाला, तेव्हा मात्र दुसऱ्याच दिवशी खाज हजर. शरीरानं पहिल्या खेपेची आठवण ठेवली होती. अशा दुसऱ्या खेपेला किडेही कमी टिकतात, कारण माणूस लगेच खाजवतो आणि कातडीही त्यांना सुखानं राहू देत नाही. पण गोवर एकदा झाला की पुन्हा होत नाही, तसं संरक्षण खरजेत मिळत नाही.

आता हा एवढा भाग मालकांना वाचून दाखवा. मालक, तुम्हाला खाज नाही याचा अर्थ तुमच्या अंगावर किडा नाही असा होत नाही. एका घरात, एका अंथरुणात झोपताय. तुमचा तो न खाजण्याचा महिना कदाचित अजून संपायचा असेल, आणि तेवढ्या दिवसांत तुम्ही बायकोला आणि लेकीला परत किडा देऊ शकता. तुम्ही मलम लावलं नाही तर त्यांनी लावलेलं वाया जाणार. एका रात्रीचा प्रश्न आहे, आणि मलमाला वाससुद्धा फारसा येत नाही.

मेडिकलच्या ट्यूबचं आता सांगतो. तुम्ही नाव लिहिलं नाही, पण चार दिवस बरं वाटून मग दुप्पट, ही खूण ओळखीची आहे. बहुतेक तिच्यात तीव्र स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक यांची मिसळ असणार. नायट्याला तीच, इसबाला तीच, खरजेलाही तीच. स्टेरॉइड शरीराचा चवताळलेपणा दाबतं, म्हणून खाज थांबते. पण किड्याला त्यानं काहीच होत नाही. कुत्रं भुंकत होतं म्हणून त्याचं तोंड बांधलं, चोर घरातच. चार दिवसांनी तोंड सुटतं तोवर चोरांची भावकी वाढलेली असते. वर खरजेचं रूपही बदलतं, पुरळ भलत्या ठिकाणी भलतंच दिसतं आणि डॉक्टरही फसतात. ती ट्यूब आजच फेकून द्या. डॉक्टरकडं जाल तेव्हा ती लावली होती हे मात्र लपवू नका.

तुमच्या डॉक्टरांनी दिलेलं मलम बहुधा 5 टक्के परमेथ्रिनचं. ते बरोबर आहे. मी इतक्या वर्षांत बघितलेली बहुतेक फसगत औषधाची नव्हती, लावण्याची होती. लोक खाजतं तिथं लावतात. तसं नाही चालत. मानेखालचं सगळं अंग, एक बोटभर जागासुद्धा न सोडता. बेचकी, नखांच्या खाली, बेंबी, काखा, स्तनांखाली, जांघा, गुप्तांग, ढुंगणाची घडी, तळपाय. पाठीला दुसऱ्याचा हात लागतोच. एका मोठ्या माणसाला साधारण 30 ग्रॅमची ट्यूब एका वेळेला लागते. अर्ध्या ट्यूबमध्ये दोघांचं भागवलं असेल तर ते झालंच नाही असं धरा. अंग कोरडं आणि गार असताना लावायचं, बंबाच्या कढत पाण्याच्या अंघोळीनंतर लगेच नाही. आठ ते बारा तास ठेवायचं, मधे हात धुतले तर हातांना परत लावायचं, आणि सकाळी धुवायचं. तान्ह्या बाळाला आणि फार म्हाताऱ्या माणसाला डोक्याला-चेहऱ्यालाही लावावं लागतं, डोळे आणि तोंड सोडून, तेही डॉक्टरांना विचारून. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला आपल्या मनानं काहीच लावायचं नाही.

एक आठवड्यानं हे सगळं परत, कारण पहिल्या रात्री एखादं अंडं वाचलं तर पिल्लू वयात येऊन अंडी घालायच्या आत त्याला गाठायला हवं. तुम्हाला दहा दिवस झालेत आणि दुसऱ्यांदा लावल्याचं पत्रात दिसत नाही. तेव्हा आता घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री नव्यानं सुरुवात करा, मालकांसकट, सासऱ्यांसकट. आज एकानं, परवा दुसऱ्यानं असं केलं तर किडा लपंडाव खेळत राहतो. डॉक्टर काहींना आयव्हरमेक्टिनची गोळी देतात, वजनाप्रमाणे, जेवणानंतर, आठवडा-दोन आठवड्यांनी पुन्हा. पोटुशी बाई आणि 15 किलोच्या आतलं लेकरू यांना ती देत नाहीत. खोबरेल तेलात गंधक कालवून लावणाऱ्या आज्यांना मी हसत नाही, गंधकाचं मलम अजूनही पुस्तकात आहे. पण घरी कालवलेल्यात गंधक किती पडलं ते कुणी मोजलेलं नसतं. आणि रॉकेल, फिनेल हे कुणी सांगितलं तर त्या माणसाला चहा पाजून वाटेला लावा.

आता तुमची खाज. समजा उद्या सगळ्यांनी नीट लावलं आणि किडे मेले. मेलेले किडे, अंडी, विष्ठा, सगळं कातडीच्या वरच्या थरात अडकूनच राहणार. तो थर झिजून पडायला दोन-चार आठवडे जातात, आणि तोवर शरीर मेलेल्या शत्रूवरच ओरडत राहतं. या काळात खाज दिवसागणिक कमी होते का ते बघा, आहे की नाही ते बघू नका. रात्री न खाजण्यासाठी गोळी मिळते, साधा ओलावा धरणारा मलमही चालतो. घाबरून रोज परमेथ्रिन चोपडत बसलात तर कातडी कोरडी पडून त्याचीच खाज सुरू होते, आणि माणसाला वाटतं औषध लागू पडत नाही. महिनाभरानं नव्या रेघा, नवे फोड दिसले तर मात्र परत दाखवा.

मुलाबद्दल तुम्ही फार लिहिलं नाही, पण सतरा वर्षांचं पोर आईला सगळं सांगत नाही. त्याच्या जांघेत किंवा गुप्तांगावर वाटाण्याएवढ्या तांबूस, कठीण गाठी आल्या असतील आणि तो भलत्याच शंकेनं गप्प असेल. या गाठी खरजेतल्याच, शरीराच्या चिडीचा उरलेला भाग. किडे गेल्यावरही त्या महिना-महिना राहू शकतात. हे त्याच्या वडिलांकरवी त्याला सांगा. आणि माती बिचारी निर्दोष आहे. तालमीची लाल माती ताक, तेल, हळद घालून मळलेली असते, त्यात हा किडा नांदत नाही. कुस्तीत लागतो तो नायटा जास्त. खरजेला अंगाला अंग बराच वेळ लागावं लागतं, आणि ते होतं तालमीत ओळीनं अंथरुणं टाकून झोपल्यावर, एकमेकांचं पांघरूण ओढल्यावर. वस्तादांना सांगितलं तर घरी पाठवतील अशी त्याला भीती असेल. उलट सांगितलंच पाहिजे. एकट्यानं औषध लावलं तर आठवडाभरात शेजारच्या अंथरुणातून पुन्हा येईल. सगळ्या पोरांनी एका रात्री लावलं की विषय संपला. त्या रात्री कुणी अंगाला तेल लावून जोर-बैठका मारू नयेत एवढंच.

म्हशीचंही बघू. म्हशीला खरूज असते, तिचा किडा धार काढणाऱ्याच्या हातावर, पोटावर चढतो आणि खाजही आणतो, एक-दोन दिवसांत. पण माणसाच्या कातडीत त्याचा वंश वाढत नाही, म्हशीपासून लांब राहिलं की थोड्याच दिवसांत आपोआप जातं. तुमच्या घरात लेकीकडून आईकडं असं पसरत चाललंय, ते म्हशीचं काम नाही. तरी तिच्या मानेवर, आचळांपाशी केस जाऊन खपल्या आल्या असतील तर जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा.

मला खरी काळजी तुमच्या सासूबाईंची आहे. अंगावरून वारं गेलेलं माणूस, दम्याच्या गोळ्या चालू (त्यात स्टेरॉइड आहे का, ते पाकिटावर बघून ठेवा), हातांवर खडूसारख्या जाड खपल्या आणि खाज नाही. पत्रावरून निदान करत नाही, सोरायसिसही असू शकेल. पण हे खपलीची खरूज असल्याचा संशय येण्यासारखं चित्र आहे. 1848 साली नॉर्वेतल्या डॅनियलसन आणि बोक या डॉक्टरांनी कुष्ठरोग्यांमध्ये ती पाहून तिचं वर्णन केलं, म्हणून बरीच वर्षं तिला नॉर्वेची खरूज म्हणायचे. किडा तोच, माणूस वेगळा. प्रतिकारशक्ती खचलेली किंवा दबलेली, कातडीची संवेदना गेलेली, खाजवायला हात उचलत नाही, अशा माणसात त्या दहा-पंधरांचे हजारो होतात, कधी लाखोसुद्धा. गंमत अशी की त्यांच्या रक्तात इओसिनोफिल आणि आयजीई नावाचं प्रतिद्रव्य भरपूर वाढलेलं असतं. फौज दिसायला दांडगी, पण जी कुमक किड्याला आवर घालते ती नव्हे. नुसता गलका. म्हणून खाज कमी, किडे बेसुमार. त्यांच्या अंथरुणातल्या खपलीच्या प्रत्येक कणात जिवंत किडे असू शकतात. तुम्ही रोज त्यांना उचलता, पुसता, कूस बदलता. तुम्ही कितीही वेळा बऱ्या झालात तरी खरूज परत का येते, ते यातून कळेल.

त्यांना घरच्या घरी मलम लावून भागणार नाही. कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात न्या, किंवा कोणत्याही त्वचारोगतज्ज्ञांकडे, आणि आत शिरतानाच सांगा की खपलीच्या खरजेची शंका आहे, म्हणजे त्यांना गर्दीच्या बाकावर ताटकळत ठेवणार नाहीत. खपली खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघितली की पाच मिनिटांत कळतं. निघालीच तर गोळीचे एकापेक्षा बरेच जास्त डोस, मलम पुन्हापुन्हा, आणि खपल्या विरघळवणारं वेगळं मलम, असं सगळं चालतं. नखंही कापावी लागतात, नखांखाली किडे दडतात. कूस बदलताना हातमोजे घाला. दम्याच्या गोळ्या मात्र परस्पर बंद करू नका, स्टेरॉइड एकदम थांबवलं तर जीवावर बेतू शकतं.

कपड्यांचं थोडक्यात. मेलॅनबीनं खरूज झालेल्या सैनिकांची न धुतलेली आतली कपडे आणि घोंगड्या धडधाकट स्वयंसेवकांना वापरायला दिल्या होत्या, आणि जवळजवळ कुणालाच खरूज लागली नाही. म्हणजे साध्या खरजेत गाद्या जाळायची, भिंती धुवायची गरज नाही. मलम लावलेल्या दुसऱ्या दिवशी अंगावरचे कपडे, चादरी, टॉवेल कढत पाण्यात धुवायचे. वाकळ या पावसात धुतली तर दिवाळीपर्यंत वाळायची नाही, ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून चार दिवस माळ्यावर टाका. अंगापासून सुटलेला किडा दोन-तीन दिवसांच्या वर जगत नाही. सासूबाईंच्या अंथरुणाला मात्र ही सवलत नाही. ते रोज बदलायचं, रोज कढत पाण्यात, आणि खोली रोज झाडून केर बांधून टाकायचा.

धाकटीच्या फोडांत पू झाला असेल तर ते आधी दाखवा. खाजवलेल्या जागी जंतू शिरतात, आणि त्यातले काही जंतू पुढं मूत्रपिंडाला त्रास देतात. सकाळी उठल्यावर तिचे डोळे सुजलेले दिसले किंवा लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना.

नणंदेला या म्हणून सांगा, पण आधी खरं सांगा. तुम्ही सगळे एकदा नीट लावून सकाळी अंघोळ केलीत की तुमच्यापासून तिला धोका जवळजवळ उरत नाही, तुमची खाज चालू असली तरी. सासूबाईंचं वेगळं. त्यांची तपासणी झाल्याशिवाय नातवंडांना त्यांच्या अंथरुणात झोपू देऊ नका. गौरी येईपर्यंत तुमच्याकडं दोन-तीन आठवडे आहेत, म्हणजे सीपीआरची एक फेरी आणि मलमाच्या दोन रात्री आरामात बसतात. नणंदेनं तिकडं गेल्यावर महिना-दीड महिना लेकरांच्या बेचक्यांवर नजर ठेवावी, आणि येताना आपली पांघरुणं आपण आणावीत.